मैदान तुमचं आहे, सट्ट्याला तिथे उभं राहू देऊ नका

रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांच्या सर्व आयोजक मंडळांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की तुमचे फ्लेक्स लागू लागतात. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली की त्यांवर रोलर फिरतो, आमदार चषक, सरपंच चषक, ग्रामदेवतेच्या नावाचे चषक जाहीर होतात आणि पाऊस पडेपर्यंत एकही रविवार रिकामा जात नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मंडपात बसून मी गुणलेखन केलं आहे. एरवी मी एका पतसंस्थेत कर्जवसुलीचं काम पाहतो. गेल्या काही वर्षांत या दोन्ही ठिकाणी मला तीच तीच मुलं भेटू लागली आहेत. रविवारी ज्याच्या नावापुढे मी षटकार लिहितो, त्याच्याच थकलेल्या हप्त्यांची फाईल बुधवारी माझ्यापुढे येते. कर्ज बहिणीच्या लग्नासाठी किंवा घरदुरुस्तीसाठी म्हणून घेतलेलं असतं. पैसे गेलेले असतात क्रिकेटच्या सट्ट्यात.

घरी कळू नये म्हणून असा मुलगा जामीनदार नात्यातला घेत नाही, संघातला घेतो. मग नोटीस जाते ती सलामीच्या फलंदाजाला, यष्टिरक्षकाला. भिवंडीच्या गोदामात किंवा तळोज्याच्या कारखान्यात राबून मिळालेल्या पगारातून त्यांची कपात सुरू होते, तेव्हा कुठे त्यांना कळतं की आपला मित्र रात्री फोनवर काय करत होता. संघ तिथेच फुटतो. हरलेल्या सामन्यांनी जे झालं नसतं ते एका कर्जाने होतं.

हे पत्र मी पोलिसांना किंवा मंत्र्यांना लिहू शकलो असतो. तुम्हाला लिहितो आहे, कारण अठरा ते अठ्ठावीस वयाची ही मुलं ज्यांचं ऐकतात अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत आणि त्यांत तुम्ही आहात. घरी ती गप्प असतात, कॉलेज सुटलेलं असतं, डॉक्टरकडे ती जात नाहीत. पण कर्णधार सांगतो म्हणून रात्री अकराला नेट बांधायला येतात आणि आयोजक सांगतात म्हणून पंचाची माफी मागतात. तुमच्या शब्दाला मैदानात वजन आहे. ते या कामी खर्च करा, एवढंच माझं मागणं आहे.

आधी हा सट्टा आज चालतो कसा ते नीट पाहू. मंडळांतल्या अनेक ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे अजून जुना बुकी आहे: बंद खोली, चार फोन, वहीत आकडे. आताच्या मुलाला कुठेही जावं लागत नाही. ओळखीतलाच कोणीतरी व्हॉट्सअॅपवर त्याला ‘आयडी’ देतो. म्हणजे एक लिंक, एक पासवर्ड आणि खात्यात भरलेले पॉइंट. पुष्कळदा पहिले पॉइंट उधारीवर असतात आणि हिशेब आठवड्याने होतो. आयडी देणारा हा तुमच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला, सगळ्यांना चहा पाजणारा, हसतमुख माणूस असू शकतो. मुलगा जेवढा हरतो, त्यात त्याचा वाटा असतो.

आणि लावायचं कशावर? कोण जिंकणार हा सगळ्यात संथ सट्टा झाला. खरी ओढ लागते ती ‘सेशन’ची. सहा षटकांत किती धावा होतील, पुढच्या षटकात किती, या चेंडूवर चौकार की बळी. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव मिळून दोनशे चाळीस चेंडू होतात आणि प्रत्येक चेंडूवर भाव हलतो. आपल्या आजोबांच्या पिढीने मटका पाहिला. तो वाईटच होता, त्याने गिरणगावातले पगार खाल्ले. पण त्यात ओपन आणि क्लोज हे दोन आकडे फुटण्याच्या मध्ये माणसाला घरी जायला, जेवायला, भानावर यायला वेळ मिळत असे. इथे हरल्यावर दुसरी संधी अर्ध्या मिनिटात समोर येते. हरलेलं भरून काढायला पुन्हा लावायचं, हेच या व्यसनाचं मूळ लक्षण आहे आणि हा खेळ ते लक्षण पोसण्यासाठीच बेतलेला आहे.

आपल्या मुलांना एक जास्तीचा धोका आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यांना क्रिकेट कळतं. खेळपट्टी पाहून ती सांगतात की इथे चेंडू खाली राहणार, आणि तसंच घडतं. मग त्यांना वाटतं की हा काही जुगार नव्हे, आपल्या अभ्यासाचे पैसे आहेत. पण जो अंदाज त्यांना येतो तो भाव काढणाऱ्यालाही आलेला असतो, आणि त्यावर तो आपला नफा चढवून भाव देतो. शिवाय फोनवर दिसणारा चेंडू प्रत्यक्षात काही सेकंद आधीच पडून गेलेला असतो. मैदानातून थेट खबर मिळणाऱ्यांच्या आणि आपल्या मुलांच्या मध्ये ते काही सेकंद कायम उभे असतात. जाणकार मुलगा कमी हरतो असं नाही. तो जास्त वेळ टिकतो, म्हणून जास्त रक्कम लावतो आणि जास्त खोल जातो. एका धावेने सेशन हुकलं की तो म्हणतो, ‘थोडक्यात गेलं.’ थोडक्यात गेलं याचा अर्थ पूर्ण गेलं, पण मेंदू ते जवळजवळ जिंकल्यासारखं धरतो आणि हात पुन्हा फोनकडे जातो.

जिंकला तरी पैसे हाती येतातच असं नाही. मोठी रक्कम जिंकलेल्यांचे आयडी बंद पडतात आणि तक्रार करायला जागा नसते. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने २०२३ मध्ये गोंदियाच्या बुकीविरुद्ध दिलेली तक्रार वर्तमानपत्रांत आली होती. ऑनलाइन सट्ट्यात आपली ५८ कोटींची फसवणूक झाली असं त्यात म्हटलं होतं. कोट्यवधी लावणारा माणूस समोरचा पडदा खरा की खोटा हे ओळखू शकला नसेल, तर पंधरा हजार पगाराच्या मुलाने ते कसं ओळखावं?

आता तुमच्या मैदानाकडे येतो. आपल्या खेळाला गेल्या काही वर्षांत मोठा मान मिळाला. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची देशपातळीवरची लीग भरली, तेव्हा माझ्यासारख्यांची छाती भरून आली होती. तुमच्या छोट्या स्पर्धाही यूट्यूबवर थेट दिसतात, दूरदूरचे लोक पाहतात. जिथे थेट प्रक्षेपण आहे तिथे सट्टा पोचतो, हे लक्षात ठेवा. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावातून एक प्रकार उघडकीला आला. शेतात खेळपट्टी केली, दिवे लावले, शेतमजुरांना आयपीएल संघांसारखे कपडे घालून रोजंदारीवर उभं केलं, प्रेक्षकांचा गोंगाट इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि तो ‘सामना’ यूट्यूबवर दाखवून रशियातल्या लोकांकडून टेलिग्रामवर सट्टा घेतला. पंच कानातल्या सूचनेप्रमाणे खेळाडूंना सांगत होते, आता षटकार, आता बाद. ज्या गोष्टी त्यांनी खोट्या उभ्या केल्या त्या तुमच्याकडे खऱ्या आहेत: मैदान, दिवे, कॅमेरा, समालोचक. एखादा अनोळखी माणूस येऊन ‘प्रक्षेपणाचा सगळा खर्च आमचा’ म्हणतो, तेव्हा मोलीपूर आठवा.

प्रायोजकांचंही तेच. बेटिंगची कंपनी स्वतःचं नाव सरळ लावत नाही. त्याच नावाचं ‘न्यूज’ असतं, ‘स्पोर्ट्स’ असतं, टी-शर्ट असतात. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून अशा आडवळणाच्या जाहिरातींविरुद्ध वारंवार सूचना काढल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. सीमारेषेवर लावलेला फ्लेक्स ही जाहिरात आहे. समालोचकाने सामन्याच्या मध्ये ‘लिंक खाली दिली आहे’ म्हणणं हीसुद्धा जाहिरात आहे. समालोचक मंडळींना मी हे वेगळं सांगतो, कारण त्यांचा आवाज मुलांच्या तोंडी असतो.

या कायद्यानंतर फँटसी क्रिकेटच्या, म्हणजे फोनवर आपला संघ निवडून पैसे लावायच्या खेळाच्या, नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. भारतीय संघाच्या जर्सीवर २०२३ पासून अशाच एका कंपनीचं नाव होतं, तेही गेलं. तो कायदा आणताना सरकारने सांगितलेला अंदाज असा होता की ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि वीस हजार कोटींहून जास्त रुपये बुडाले. बंदी झाली हे बरंच झालं, मी तिच्या बाजूचा आहे. पण बंद झाली ती दुकानं, जी दिसत होती. आयडी देणारा कुठल्याच यादीत नव्हता, तो आहे तिथेच आहे. ज्याला चेंडूगणिक लावायची सवय लागली त्याची सवय राजपत्राने मोडत नाही. तो आता जास्त अंधाऱ्या जागी जातो आणि तिथे वसुलीला माणसं येतात.

त्या कायद्यात खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही, चालवणाऱ्याला आणि पैसा फिरवणाऱ्याला धरलं आहे. मुलांपर्यंत हे पोचलेलं नाही. मदत मागितली तर आपल्यालाच आत टाकतील या भीतीने ती बोलत नाहीत. मात्र याच्या शेजारीच एक खड्डा आहे, तोही त्यांना दाखवला पाहिजे. बुकींना पैसा फिरवायला दुसऱ्यांची बँक खाती लागतात. हरलेल्या मुलाला सांगितलं जातं की तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे, उधारी माफ, वर महिन्याला काही हजार. मुलगा देतो. मग एके दिवशी परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठतं, पगार अडकतो आणि सायबर गुन्ह्याच्या कागदावर त्याचं नाव येतं. इथे तो खेळणारा राहत नाही, पैसा फिरवणारा ठरतो. आमच्या खातेदारांपैकी काहींचं हे झालेलं मी पाहिलं आहे. ‘खातं कोणाला वापरायला देऊ नका’ हे एक वाक्य समालोचकाने प्रत्येक डावाच्या मध्ये म्हटलं तरी काही मुलं वाचतील.

कर्जाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. उतरंड बहुधा ठरलेली असते. आधी पगार, मग मित्रांकडून उसने, मग फोनवरची झटपट कर्ज देणारी अॅप, मग आईच्या दागिन्यांवर सोनेतारण, मग बाईक आणि तिचं आरसी बुक सावकाराकडे. सावकार महिन्याला दहा टक्के घेतो. पन्नास हजारांना महिन्याला पाच हजार नुसतं व्याज, मुद्दल तसंच. वर्षाने मुलाने साठ हजार दिलेले असतात आणि पन्नास हजारांचं देणं जसंच्या तसं उभं असतं. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडला की तो गप्प होतो, कारण तोवर त्याने एकूण आकडा कधी केलेलाच नसतो.

त्याला कायद्यातल्या दोन गोष्टी सांगा. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचं देणं कोर्टातून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या भागात, १८६५ चा कायदा त्याही पुढे जातो: पैजेला जोडून केलेल्या करारांवरही दावा चालत नाही. बुकी ‘कोर्टात खेचीन’ म्हणतो त्याला आधार नाही. आणि महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते आणि सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. बँकेचं, पतसंस्थेचं कर्ज मात्र फेडायचंच आहे. ते कारण खोटं सांगून घेतलं असलं तरी सुटत नाही. पण हप्ते लांबवून मागता येतात. मुलगा स्वतः येऊन खरं बोलला तर वसुली अधिकाऱ्यालाही मार्ग काढता येतो. लपलेल्या कर्जदारासाठी आम्हाला काहीच करता येत नाही.

आपल्या भागात घरं एक गोष्ट हमखास करतात. विमानतळासाठी, विरार-अलिबाग कॉरिडॉरसाठी गेलेल्या जमिनीचे, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्के भूखंडाचे पैसे घरात असतात. मुलाचं कळलं की बाप एका रात्रीत सगळं देणं चुकतं करतो, देवासमोर शपथ घ्यायला लावतो आणि सहा महिन्यांत लग्न लावून देतो. बापाचं दुःख मला कळतं, पण यातून मुलगा बरा होत नाही. देणं अचानक नाहीसं झालं की त्याच्या हातात पुन्हा पत येते, आणि आता त्याच्या खोटं बोलण्यात एक नवी मुलगीही ओढली जाते. वडील मंडळी तुमच्या मंडपात येऊन बसतात. त्यांना सांगा की आधी सगळ्या देण्यांची यादी एका कागदावर मुलाकडूनच लिहून घ्या. पगार काही काळ दुसऱ्या कोणाच्या हाती ठेवा. हप्त्याहप्त्याने त्याच्याच कमाईतून फेडा, आणि त्याच आठवड्यात त्याला उपचाराला न्या.

उपचार हा शब्द मी जाणून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं. दारूचा वास येतो, पाय लटपटतात. याचं काहीच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की चांगला खेळणारा मुलगा सामन्यात दोन चेंडूंच्या मध्ये फोन मागतो, चहाचे पैसे द्यायचं टाळतो, दर आठवड्याला नव्या माणसाकडून उसने घेतो, आयपीएलच्या दिवसांत झोपत नाही. हे तुम्हाला आई-बापांच्या आधी दिसतं.

‘टेलिमानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचे डॉक्टर असतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कर्ज उघडं पडायच्या आदल्या दिवसांत काही मुलांना जगणं नको होतं. असा संशय आला तर आडून विचारू नका. ‘जिवाचं काही करायचं मनात येतंय का?’ असंच विचारा. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच्याजवळ बसून १४४१६ लावा आणि घरच्यांना बोलवा. पैशांचं नंतर पाहता येतं.

काही जण म्हणतील की मग आपली बॉलची मॅचही बंद करायची का, तिथेही पैज असतेच. मी त्या मताचा नाही. दोन गल्ल्यांनी एका चेंडूवर लावलेली मॅच स्वतः खेळून जिंकायची असते, हरलं तर चेंडू जातो आणि विषय संपतो. पण खेळाडूंचा लिलाव होतो त्या स्पर्धांत संघमालक कोण आहे, हे तुम्ही विचारलंच पाहिजे. गावात ज्याचा धंदा कोणालाच सांगता येत नाही असा माणूस तीन-तीन संघ घेतो आणि मुलं त्याच्या गाडीतून फिरतात. तो तुमच्या मंडपात पाहुणा म्हणून बसला, त्याच्या हातून चषक दिला, की त्याच्या धंद्याला तुम्ही गावाची मान्यता दिलीत.

पैसे कुठून आणायचे, हा तुमचा प्रश्न खरा आहे. दिवे, मंडप, बक्षिसाची बाईक, सगळ्याला पैसा लागतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल क्लबांपुढेही तोच प्रश्न होता आणि त्यांचे आकडे आपल्या कल्पनेपलीकडचे आहेत. तरी एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी आपणहून ठरवलं की २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या छातीवर बेटिंग कंपनीचं नाव घ्यायचं नाही. बक्षीस थोडं कमी ठेवा. मुलं बाईकसाठी येत नाहीत, खेळायला येतात. बाईक नव्हती तेव्हाही मैदानं भरत होती.

यंदाच्या लॉट्स पाडण्याआधी, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे चिठ्ठ्यांनी ठरवण्याआधी, कर्णधारांची बैठक होईल. तिथे मला किंवा तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या समुपदेशकाला अर्धा तास द्या. मी कुठल्याही गावी यायला तयार आहे, गाडीभाडंही नको. आणि नियमपत्रिका छापायला देण्याआधी तिच्यात, चेंडू आणि पोशाखाच्या नियमांच्या वर, हे कलम घाला:

‘या स्पर्धेत किंवा या स्पर्धेवर सट्टा घेणाऱ्या, लावणाऱ्या अथवा आयडी देणाऱ्या व्यक्तीला संघमालक, प्रायोजक किंवा पाहुणा म्हणून स्थान नाही. सट्ट्यात किंवा त्याच्या कर्जात अडकलेल्या खेळाडूने आयोजकांशी अथवा आपल्या कर्णधाराशी बोलावं. त्याचं नाव गुप्त राहील, त्याला संघातून काढलं जाणार नाही आणि उपचारासाठी मंडळाचा एक माणूस त्याच्यासोबत जाईल. टेलिमानस: १४४१६.’

आपला,
तुमच्या मंडपात बसणारा एक गुणलेखक